बोलार्ड : खांब की खुंटा?

विचारणा : बंदरांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. धक्क्यावर जहाजाचे दोर ज्याला अडकवतात, त्या बोलार्डसाठी ‘खांब’ लिहावं का? आम्हा पुणेकरांना बोलार्ड म्हटलं की दुचाक्या चढू नयेत म्हणून पदपथावर रोवलेले खांबच आठवतात.

उत्तर : ताई, ‘खुंटा’ लिहा. खांब वरून येणारा भार पेलतो. धक्क्यावरच्या बोलार्डवर वरून काहीच नसतं, त्याला सोसायची असते ती आडवी ओढ. बांधलेलं जागेवरून हलू द्यायचं नाही, हे खुंट्याचंच काम. ‘खुंटा हलवून बळकट करणे’ या वाक्प्रचारातही खुंट्याची कसोटी तीच आहे.

आकारही पाहा. ओतीव लोखंडाचा, बुटका, माथ्याशी रुंद. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सुमारे ५ मीटरपर्यंत जातो. जहाज वर उचललं गेलं की दोर तिरका वर ओढला जातो. माथा रुंद नसता तर दोराचा फास निसटलाच असता.

जहाजाच्या डेकवर मात्र असे दोन खुंटे एकाच बैठकीवर शेजारी शेजारी असतात, इंग्रजीत बिट्स. त्यांच्याभोवती दोर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवतात. मला हा भाग फार आवडतो, कारण इथे सगळी करामत घर्षणाची आहे. प्रत्येक वेढ्यागणिक ताण पटीपटीनं उतरतो. घर्षणांक ०.२५ धरला, तर एका खुंट्याभोवतीच्या तीन पूर्ण वेढ्यांनंतर मोकळ्या टोकाशी ताणाचा शंभरावा हिस्साही उरत नाही. या जोडीला मी ‘जोडखुंटा’ म्हणेन.

विचारणा : मनापासून आभार. लेखात पुढे मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचा ‘बोलार्ड पुल’ही आहे. त्याचं काय करू?

उत्तर : ‘खुंटा-ओढ’. टगबोट धक्क्यावरच्या खुंट्याला दोरानं बांधतात, इंजिन पूर्ण जोरात चालवतात आणि दोरातला ताण टनांत मोजतात. इथे ‘खांब-ओढ’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल, खांब उपटायचा आहे.

आणखी एका वाचकाचं मत : मग पदपथावरच्यालाही खुंटाच म्हणूया ना, शब्द एकच राहील.

उत्तर : नको. त्याला कोणी काही बांधत नाही, तो वाट अडवतो. त्याला ‘अडखांब’ म्हणा.