आईबाबा गावी, आपण चाकरीच्या गावी : कोकणातल्या घरांतले अनुभव लिहा

सुरंगी
काल राम आळीत छत्री दुरुस्तीला द्यायला गेले होते. औषधाच्या दुकानाबाहेर वॉकर, रबरी शीटची गुंडाळी आणि दोरीने टांगलेली कमोडची खुर्ची. पाय तिथेच थबकले. आमची खुर्चीही रत्नागिरीतूनच घेतलेली, एसटीने गावी नेलेली.

घर राजापूर तालुक्यात. रस्ता वर, घर खाली, मधे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. आई गेल्यावर बाबा एकटेच. सकाळी पेज, दुपारी शेजारच्या वहिनींकडून भाजी, संध्याकाळी देवापुढे दिवा, असं छान चाललं होतं. मग न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, घरी आले आणि आम्हा तिघा भावंडांच्या रोज रात्री फोनवर सभा सुरू झाल्या. खुर्ची आणली, तर बाबांनी तिच्यावर पंचा अंथरून पेपरची रद्दी रचली. कुणी आलं की सांगायचे, स्टूल आहे. स्वतः मात्र काठी टेकत मागीलदारच्या संडासात.

आमच्या सभा निष्फळच ठरल्या, कारण शेवटी ठरवलं बाबांनी. म्हणाले, "तुमच्याकडे आलो तर मी पाहुणा. पैसे भरून राहीन तिथे माझी खोली." पेन्शन होती म्हणून हे बोलू शकले, हेही खरं. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात गेले, पत्त्यांचा अड्डा जमवला, तिथल्या आमटीला शेवटपर्यंत नावं ठेवली. वाडीत मात्र "बापाला आश्रमात टाकलं पोरांनी" हे अजून ऐकते.

तुमच्याकडे कसं ठरलं? कुणी ठरवलं? ज्यांच्याबद्दल ठरत होतं त्यांना कुणी विचारलं का? लिहा. कोण बरोबर कोण चूक, हे इथे नको.

चुडतं
पाखाडी वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्या आजीला स्ट्रोक आला तेव्हा १०८ वेळेत आली, वरच्या रस्त्यापर्यंत. खाली कोण येणार? आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून लुगड्याने बांधली आणि उचलायला चौघे जमले. चौघांतला सगळ्यात तरणा साठीचा. अर्ध्या वाटेत एकाला धाप लागली, त्याला पायरीवर बसवला आणि आजीनेच (बोलता येत नव्हतं तरी) हाताने खूण केली, त्याला आधी पाणी द्या.
आजी त्यातून उठली, पुढे चांगली चालायला लागली. पण घर सोडायचा विषय त्या दिवसापासून निघाला तो वाडीत माणसंच नाहीत म्हणून. आजारपण सगळीकडेच आहे हो.

बागायतदारीण
@चुडतं, बाप रे. आजींना नमस्कार.
पावसात पाखाडीवर आणि खळ्यात शेवाळ धरतं त्याचं काय करता? आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो आणि वर झावळं टाकतो, पण आठ दिवसांत परत तेच.

चुडतं
आमच्याकडेही झावळंच. चुडतं म्हणजे झावळंच, आयडी उगाच घेतलेला नाही :)

पोळीभाजी_डोंबिवली
मोबाईलवरून लिहितेय, कुकर लागलाय. सासूबाईंना इथे आणलं. पहिल्या मजल्यावर राहतो तरी त्यांना खाली बघून चक्कर येते. दिवसातून चार वेळा विचारतात, "गावात पाऊस पडला काय?" मी हवामान खात्याची झाले आहे. बाकी नंतर लिहिते.

कुडाळी_चाकरमानी
आमच्याकडे निर्णय ग्रामदेवतेने घेतला. खोटं नाही.
वडील म्हणाले, "माका हयसून न्हेवचा आसात तर आदी देवाक इचारा." झालं. गेलो देवळात. गुरवाने कौलाला देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या (उजवी पडली तर हो, डावी तर नाही), गाऱ्हाणं घातलं की म्हाताऱ्याला मुंबईला न्यायचं आहे, हुकूम दे. पाकळी पडली डावी. वडील माझ्याकडे असे बघतात की जणू कोर्टात केस जिंकली.
गुरव माझ्याच वर्गातला. तो हळूच म्हणाला, प्रश्न बदल. कायमचं म्हणू नको. मग दुसरं गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा, पावसापुरतोच मुंबैक न्हेतंव, दिवाळेक परत हाडतंव." पाकळी उजवी! वडिलांनीही मान्य केलं, देवाच्या शब्दापुढे काय बोलणार.
तेव्हापासून तसंच चालतं. मिरग लागायच्या आत मुंबई, गणपतीला पाच दिवस गाव, परत मुंबई, दिवाळीनंतर शिमगा-आंबे होईपर्यंत गाव. गावी असतात तेव्हा चुलत्यांच्या घरून जेवण. देवाने अटी-शर्ती वाचून सही केली म्हणायची.

गावकार
व्हय म्हाराजा!

सड्यावरची
व्हय म्हाराजा!! बाकी कायमचं म्हणू नको हा सल्ला लाखाचा. माझ्या आईला "चल आता माझ्याकडेच" म्हटलं की फणा काढायची. "डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत चल" म्हटल्यावर स्वतः पिशवी भरली.

रात्रपाळी
थोडं वेगळं, पण लिहायलाच हवं. मी नर्स आहे, आणि हे माझ्या आईचंच. गावी एकटी असायची. दोनतीन आठवड्यांत एकदम बदलली. भर दुपारी संध्याकाळ झाली म्हणून दिवा लावायची, मला मावशीच्या नावाने हाक, रात्री उठून कड्या काढायची. सगळ्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं, डिमेन्शिया, आता कुठेतरी ठेवावंच लागेल. एका भावाने चौकशीही करून आणली. मी रक्त तपासायला लावलं. सोडियम ११८ (१३५ च्या वर पाहिजे). बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यात बीपी आहे म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून पेजसुद्धा अळणी. दवाखान्यात ठेवून सोडियम हळूहळू वर आणलं (ते हळूच आणावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते), गोळी बदलली, आणि आई घरी येऊन पहिलं काय म्हणाली? "माझी कोयती कुणी हलवली?"
म्हातारं माणूस अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागलं तर आधी सोडियम, बी-१२, थायरॉईड आणि लघवीचा संसर्ग तपासा. खरा डिमेन्शिया सहसा असा पंधरा दिवसांत येत नाही. आणि अळणी पेजेचं डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

बागायतदारीण
@रात्रपाळी, हे छापून ठेवते. माझ्या सासऱ्यांचं लघवीच्या इन्फेक्शनमुळे असंच झालं होतं, बाहेरची बाधा म्हणून नारळ फोडून झाले होते.

आगरातला
मी गावी राहणारा मुलगा. जरा कडू लिहितो, राग मानू नका.
भाऊ मुंबईत, बहीण अहमदाबादला. दोघांनी मिळून पडवीत, माजघरात कॅमेरे बसवून दिले. आता फोन येतो, "आई दुपारी नीट जेवली नाही, बघितलंस का?" अरे, मी तिच्या शेजारीच बसलो होतो! आईला डायपर बदलायचा असतो तेव्हा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायला लागतो, की पुन्हा फोन, "दिसत नाहीये काही."
दिवे गेले की कॅमेरे बंद. निसर्ग वादळ आठवतंय? ३ जून २०२०. दापोलीत आमच्याकडे कितीतरी आठवडे वीज नव्हती, रेंज नव्हती, वर लॉकडाऊन. तेव्हा आईचा एअर बेड चालेना. बायको आणि मी रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलायचो. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ते कुठल्या कॅमेऱ्यात नाही.

सुरंगी
@आगरातला, कडू नाही, लिहा. आईची कूस सांभाळलीत, याहून मोठं काम नाही.

पोळीभाजी_डोंबिवली
कुकर उतरला. @आगरातला, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. नवऱ्याला हा प्रतिसाद वाचायला दिलाय, तोही एक "कॅमेरावाला" आहे. गप्प बसलाय.

खाडीपलीकडे
म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला मावशी मिळणं हा वेगळाच अध्याय. आमच्या मावशी सोन्यासारख्या, पण लावणी लागली की मावशी नाहीत, काजू लागले की मावशी नाहीत, शिमग्याची पालखी आली की प्रश्नच मिटला. त्यांचं काय चुकलं? त्यांचं शेत त्यांनी बघायला नको? आता दोन मावशा ठेवल्या आहेत, एक वरच्या वाडीची, एक खालच्या. दोघींची लावणी एकाच आठवड्यात येते हे ठेवल्यावर कळलं.
ब्युरोची बाई रत्नागिरीतून येईल म्हणाले, पण चोवीस तासांची, जेवण-राहणं आपलं, वर महिना वीस हजारांच्या पुढे. आणि गावात रेंज नाही म्हटल्यावर दोन बायकांनी नकारच दिला.

बांगडा_आणि_भात
आमचे पपा स्वतः हौसेने आश्रमात गेले आणि चार महिन्यांत परत आले. कारण? मासे नाहीत. आश्रम शुद्ध शाकाहारी. आम्ही खोली बघितली, बाथरूमचे दांडे बघितले, रात्री डॉक्टर कुठून येतो ते विचारलं, डिपॉझिट परत मिळतं का ते लेखी घेतलं. एवढं करून जेवणाचं कुणी विचारलं नाही, कारण आपण शाकाहारी नाही हे विचारायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही.
पपांनी कपाटात सुकटीची चटणी लपवली. वास संपूर्ण मजल्यावर. व्यवस्थापकांचा फोन, "तुमच्या वडिलांच्या खोलीत काहीतरी मेलंय." पपा म्हणाले, "मेलेलंच आहे, वाळवलंय."
आता मालवणात घराजवळ एका बाईंकडे पेइंग गेस्ट आहेत. रोज सकाळी बाजारात जाऊन स्वतः मासळी निवडतात.
एक मात्र कुठेही जाल तिथे नक्की विचारा: माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवणार का? बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, खिळला की "घेऊन जा".

मोदक_ताई
"मेलेलंच आहे, वाळवलंय" 😂😂 बसमध्ये हसतेय, शेजारची बघतेय.
ठाण्यात चांगली सुकट कुठे मिळते? इथली किचकिच लागते.

खाडीपलीकडे
वाळू लागते ती. निवडून, चाळून, तव्यावर कोरडी भाजून मगच धुवायची.

बांगडा_आणि_भात
ठाण्याचं माहीत नाही. मे महिन्यात गावी जाल तेव्हा मालवणच्या बाजारातून वर्षाची घेऊन ठेवा.

काळा_कोट
मासळीत मध्येच कायदा आणते, माफी. प्रतिसादांत "घर आधी मुलाच्या नावावर करून दिलं" असं कुणी लिहिलं नाही अजून, पण माझ्याकडे अशा केसेस सारख्या येतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे बक्षीसपत्र करून दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते रद्द होऊ शकतं. पण "सांभाळ करीन" ही अट ठरलेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने लावावा असं म्हटलंय, तरी भरवशावर राहू नका, अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. दाद प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) मागायची, वकील लागत नाही (माझं नुकसान). पोटगी महिना १०,००० रुपयांपर्यंत. नुसती माहिती किंवा मदत हवी असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७.

गावकार
सातबारावर सतरा नावं असली तर बक्षीसपत्र कुणी कुणाला करायचं?

काळा_कोट
त्यासाठी वेगळा धागा लागेल. तो कधी संपणार नाही.

पेन्शनर_देवगड
मी या धाग्यातल्या दुसऱ्या बाजूचा. वय ७४. बायको आहे, गुडघे तिचे गेले, कान माझे. मुलगा ठाण्याला बोलावतो, चांगला आहे, सूनही चांगली. आम्ही जात नाही. मला सकाळी उठून माडाखालचे नारळ गोळा करायचे असतात, ठाण्याला मी काय गोळा करू?
दोन गोष्टी आम्ही मुलांना न विचारता केल्या. आडावर लोखंडी जाळी बसवली आणि मोरीत दांडे. तिसरी सांगून केली: लिव्हिंग विल. शेवटी नळ्या-व्हेंटिलेटर नकोत हे लिहून ठेवलं. २०२३ पासून सोपं झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. नोटरी म्हणाला, "आजोबा, मृत्युपत्र का? घर कुणाला?" म्हटलं, घराचं नाही हो, माझं. मुलगा दोन दिवस बोलला नाही. मग फोन करून म्हणाला, साक्षीदार म्हणून मला का नाही घेतलंत?
हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही, काजूच्या चिकाने आणि कोयतीने रेषा गेल्या. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, नातवाने शिकवलं.
बाकी पुढच्या वर्षी ७५ पूर्ण. मग एसटी फुकट. मी देवगड-कोल्हापूर उगाच जाऊन येणार आहे.

मोदक_ताई
काका, तुम्हीच धागा काढा हो वेगळा, "आम्हाला विचारा" म्हणून.

सड्यावरची
काका, जोडीने जा कोल्हापूरला. काकूंचं बायकांच्या सवलतीत अर्धं तिकीट आहेच.

पेन्शनर_देवगड
ती म्हणते गुडघे घेऊन घाट कशाला, आंबोळीचं पीठ भिजवायचंय. बघतो. तुम्ही कुठल्या?

सड्यावरची
मी पडेलची, माहेर जामसंडे. म्हणजे शेजारीच! सकाळची कोल्हापूर गाडी किती वाजता सुटते हो? आईला डोळे दाखवायला न्यायचंय.

पेन्शनर_देवगड
जामसंड्यात कुणाकडची? गाडीचं स्टँडवर विचारून उद्या सांगतो, हल्ली वेळा बदलल्यात.