सत्तरीनंतर लायसन्स काढून घ्या म्हणणाऱ्यांना

निशिगंधा: काल इथे एकाने लिहिलं की सत्तरी ओलांडली की लायसन्स रद्दच करा, म्हातारे रस्त्यात अडथळा करतात. वाचून डोकंच फिरलं. अहो पंचावन्ननंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावंच लागतं, चाळिशीपासून डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो, अजून काय पाहिजे? माझे बाबा ७४ चे, आईला डायलिसिसला तेच नेतात. उद्यापासून तुम्ही येणार का न्यायला?

धायरीकर: ताई फॉर्म १ए चं कौतुक नका सांगू. २५ मीटरवरून नंबरप्लेट दिसते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, हे डॉक्टरने तपासून लिहायचं असतं. आमच्या सासऱ्यांचा फॉर्म एजंटने सही-शिक्क्यासकट घरी आणून दिला, डॉक्टरने त्यांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! समोरून हेडलाइट आला आणि गाडी थेट फुटपाथवर, नशीब तिथे भाजीवाली नव्हती.

निशिगंधा: मग एजंटला आणि डॉक्टरला धरा ना, वयाला का धरता?

मुसाफिर७: जपानमध्ये ७५ नंतर स्मरणशक्तीची चाचणी असते आणि २०२२ पासून ठरावीक नियम मोडलेल्यांना गाडी चालवून दाखवावी लागते. २०१९ ला टोकियोत ८७ वर्षांच्या माणसाने ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आई आणि तिची छोटी मुलगी त्यात गेली. आपल्याकडे मुदतीत रिन्यू केलं की टेस्टच नाही.

शांताबाई: जपानात दारात ट्रेन येते हो. इथे पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पण गावातल्या गावात जायचं तर काय? आमच्या स्टॉपवर बस थांब्याच्या पुढे जाऊन भर रस्त्यात थांबते, पायरी माझ्या गुडघ्याएवढी, एक पाय वर टाकेस्तोवर कंडक्टर डबल बेल मारतो. मी पडले, मनगट मोडलं. तेव्हापासून यांच्या स्कूटरवरच जाते, यांचं वय ७८.

धायरीकर: काकू, रिक्षा करा ना.

शांताबाई: जवळचं भाडं कोण घेतं? तुम्ही तरुण, तुम्हाला मोबाइलवर बोलावता येते, आम्हाला तो ओटीपी सांगताना घाम फुटतो. बस नीट करा, मग खुशाल लायसन्स मागा.

मुसाफिर७: बस सुधारेपर्यंत रस्त्यावरच्यांनी मरायचं का?

निशिगंधा: आवाज खाली ठेवा, त्या पडल्यात. आणि ठीक आहे, डोळे खरोखर तपासा, गाडी चालवून बघा, बाबांनाही घेऊन येते. पण नापास केलं तर डायलिसिसला जायची सोय कोण करणार ते आधी लिहा.

धायरीकर: टेस्ट मान्य केलीत, तेवढं पुरे. सोयीचं मात्र माझ्याकडेही उत्तर नाही, सासऱ्यांची किल्ली काढून घेतल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत.