अमोरिमला जरा वेळ द्या की (नोव्हेंबर 2024)

दादा, तुम्ही म्हणताय आपल्या मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लबनं कोच टेन हागला काढून अमोरिम हा परत तसलाच नवखा कोच आणला, मला हे अजिबात पटत नाही. अमोरिमनं पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला 2021 ला लीग जिंकून दिली ती 19 वर्षांनी, आणि 2024 ला परत जिंकली, हे काय सोपं काम हाय व्हय?

मला काळजी वेगळीच हाय. तो मागं तीन डिफेंडर ठेवतो, म्हणजे बाजूची सगळी लाईन एकट्या विंगबॅकनं, म्हणजे कडेच्या खेळाडूनं, वर-खाली पळायची, आणि आपला डाव्या बाजूचा शॉ निम्मा सीझन दुखापतीत. गार्नाचो, रॅशफर्ड या आपल्या विंगरांचं, म्हणजे कडेनं हल्ला करणाऱ्यांचं, काय करणार? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर विंगर टचलाईननं बॉल घेऊन सुटला की सगळी गॅलरी उठून उभी राहती बघा, तसली खेळणारी पोरं ही, ती आता आत येऊन खेळणार, मग सवय व्हायला वेळ लागणारच की.

युनायटेडनंच आधी मोयेस या कोचला 2013 ला सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि दहा महिन्यांत घालवला, आणि त्याच्या आधीचा कोच फर्ग्युसन 1986 ला आला तरी पहिला कप 1990 ला. जानेवारीत एक दमाचा डावा विंगबॅक घेऊन द्या त्याला, मग हिशोब मागा.