अ‍ॅव्होकॅडोची कोय फाटली, मूळ सुटलं, कोंब मात्र नाही. पुढे काय करू?

गच्चीबाग_जळगाव
राम राम मंडळी. अ‍ॅव्होकॅडोची कोय काड्या टोचून ग्लासात ठेवली आहे, आज ३८ दिवस झाले. कोय मधोमध फाटली, खालून तीनेक इंच पांढरं मूळ आलंय, पण वर काहीच हालचाल नाही. पाणी दोन दिवसांत तांबूस होतं. पाणी बोअरचं आहे. कोय सडली का? कुंडीत कधी लावायची? काळी माती चालेल का? आणि आपल्या मे महिन्यात हे झाड तगतं तरी का?

हिरवी_पाती_भुसावळ
ताई, सडलेली नाही. कोय फाटते म्हणजे दोन्ही दलं मोकळी होतात, त्यातूनच वाट निघते. मूळ आधी येतं, कोंब त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. तांबूस पाण्याचंही घाबरू नका, कोयीतला रस हवेला लागला की केशरी-लाल होतोच. सडल्याची खूण वेगळी: दाबली की कोय मऊ लागते, आंबूस वास येतो, मूळ तपकिरी होऊन हातात गळून येतं. तुमचं मूळ पांढरं आणि टणक आहे ना, मग झालं.

ग्लासात मात्र आता फार ठेवू नका. पाण्यात वाढलेलं मूळ ठिसूळ असतं, जितकं लांब होईल तितकं लावताना मोडतं. तीन-चार इंचांवर कुंडीत गेलं पाहिजे, कोंबाची वाट बघायची गरज नाही. तोवर तिसऱ्या दिवशी पाणी पूर्ण ओतून ग्लास आतून घासून घ्या. नुसती भर घातली की डासांच्या अळ्या होतात, आणि सध्या दिवस डेंगूचे आहेत.

कुंडी रुंद नको, खोल हवी. बारा इंच खोल ग्रो-बॅग उत्तम. मिश्रण: दोन भाग पोयटा, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पाणी काढून टाका, तिच्यात मीठ असतं. वाळू जाडच घ्या. बारीक वाळू चिकट मातीत मिसळली की वाळल्यावर विटेसारखी बसते. निव्वळ काळी माती कुंडीत अजिबात नको.

लावताना कोयीचा वरचा अर्धा भाग मातीबाहेर ठेवा. पूर्ण गाडली की फटीत पाणी साचून बुरशी धरते. दलं सुटी करू नका, रोप पुढचे काही महिने त्यांच्यावरच जगतं. शिवाय पहिला कोंब मोडला तर नवा कोंब दलांच्या बेचक्यातून येतो.

पुढच्या वेळी ग्लास सोडाच. तपकिरी साल काढा, ओल्या टिश्यूत गुंडाळा, झिपच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवा आणि आठवड्यातून एकदा उघडून बघा. ही कोय आंब्याच्या कोयीसारखीच आहे, वाळली की मेली. फळ कापलं त्याच दिवशी कामाला लागायचं.

कलमी_यावल
वरचं सगळं बरोबर. पण कोय रुजवणं हा सोपा भाग. खानदेशात हे रोप मरतं ते तीन गोष्टींनी: बोअरचं पाणी, काळी माती आणि मे महिना.

पाणी आधी. अ‍ॅव्होकॅडोला क्षार सोसत नाहीत, त्यातही क्लोराइड. पानाचं टोक आधी तपकिरी होतं, मग कड करपत मागे सरकते. लोक समजतात पाणी कमी पडलं आणि तेच पाणी आणखी ओततात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजायचं. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा, ते संपलं की नळाचं. आरओ मशीनचं फेकायचं पाणी चुकूनही नको, क्षार त्यात आणखी दाटलेले असतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट चांगलं पाणी सावकाश सोडून खालून वाहून जाऊ द्या. खाली ताटली ठेवू नका, उतरलेले क्षार तीच परत वर चढवते.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे दुखणं वेगळं. ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, तेही तिथेच बांधलं जातं. चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात धरलेलं, पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं. ईडीटीए स्वस्त पडतं, पण चुनखडीत टिकत नाही.

आता माती. जमिनीत लावायचं तर खड्डा करू नका. काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा खणून भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात त्याचा हौद होतो. भोवतालचं पाणी त्यात उतरतं, निघायला वाट नसते, आणि मुळांना फायटोफ्थोराची (बुरशीसारख्या रोगजंतूची) कूज लागते. माती ओली आणि पानं मलूल, ही तिची खूण. बोटाने थोडं उकरून बघा, बारीक मुळं काळी पडून मोडत असतील तर तेच आहे. म्हणून जमिनीवरच दोन फूट उंच, पाच-सहा फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. मुळं उथळ असतात, बहुतेक वरच्या फूटभरातच. त्यांच्यावर केळीच्या वाळलेल्या पानांचं चार-पाच इंच आच्छादन घाला, खोडापासून वीतभर लांब. रावेर-यावलकडे या पानांना तोटा नाही.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. पहिले दोन उन्हाळे ५० टक्क्यांची शेडनेट हवीच, आणि पश्चिमेकडून आडोसा. जमिनीत असेल तर पश्चिमेला दोन केळी किंवा शेवगा लावा. उघड्या खोडाला पातळ चुना लावा, नाहीतर साल उन्हाने भाजते. गच्चीवरची कुंडी थेट फरशीवर नको, विटांवर ठेवा. तापल्या फरशीने मुळं अक्षरशः शिजतात.

गच्चीबाग_जळगाव
दोघांचे आभार. कोंब वीतभर झाला की शेंडा खुडायचा, असं सगळीकडे वाचते. खुडू का? आणि कोयीच्या झाडाला फळ येतं का?

हिरवी_पाती_भुसावळ
घरात शोभेसाठी ठेवणार असाल तर खुडा. सहा-सात इंचांचं झालं की निम्मं कापा, फांद्या फुटून डेरेदार होतं.

कलमी_यावल
फळ हवं असेल तर खुडू नका, कलमाला सरळ खोड लागतं. कोयीच्या झाडाला फळ यायला पाच ते दहा-बारा वर्षं जातात, आणि हास जातीच्या कोयीतून हासच येईल असं नाही. बाजारात पुण्या-मुंबईकडून येणारा काळसर, खरखरीत सालीचा हास असतो. दक्षिणेतून येतं ते मोठं, हिरवं, गुळगुळीत बटर फ्रूट. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपासाठी, हे दुसरं घ्यावं असं माझं मत. वेस्ट इंडियन वंशाचे खुंट क्षार आणि उष्णता जास्त सोसतात, आणि हिरव्या गुळगुळीत फळांत तो वंश सापडण्याची शक्यता बरी.

खोड पेन्सिलीएवढं झालं की पाचर कलम करा. काडी तीन-चार इंचांची, डोळा फुगलेला पण न फुटलेला. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, फेब्रुवारीनंतर काडी सुकते. कलमाच्या काडीसाठी अर्का सुप्रीम किंवा टीकेडी-१ या जातीचं झाड असलेली रोपवाटिका गाठा.

आणि एक झाड पुरतं का, हा प्रश्न पुढे येईलच म्हणून सांगतो. याचं प्रत्येक फूल दोनदा उघडतं, पहिल्यांदा मादी म्हणून, दुसऱ्या दिवशी नर म्हणून. जातींचे दोन गट आहेत: अ गटाचं फूल सकाळी मादी, ब गटाचं दुपारी. एकट्या झाडालाही थोडं फळ धरतं, पण दोन्ही गट जवळ असले तर बरंच जास्त.

बांधावरचा_शहादा
एक गोष्ट राहिली. बांधावर लावणार असाल तर पानं आणि छाटणी शेळ्या-गुरांपुढे टाकू नका. त्यात पर्सिन नावाचं द्रव्य असतं, त्याने दुभत्या शेळीची कास सुजते आणि दूध आटतं. पिंजऱ्यातल्या पोपटालाही हे फळ देऊ नका.