दाढीचं साधं सामान कोकणात कुठे मिळतं? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता, रत्नागिरी

ब्रश, वाटी, साबण किंवा ट्यूबमधलं क्रीम आणि दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर. एवढ्या सामानावर दाढी करणारे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, आणि आता कॉलेजातली पोरंही तिकडे वळताना दिसतात. वळली की पहिला प्रश्न येतो, सामान आणायचं कुठून? कुणीतरी पटकन सांगतं, ऑनलाइन मागव. मग परदेशी साबण, इटालियन ब्रश असं करत दोन-तीन हजारांचं बिल होतं आणि पोरगा म्हणतो, हे आपल्याला झेपणारं नाही.

हे बघवत नाही म्हणून हा धागा काढतोय. माझं दाढीचं सगळं सामान राम आळी आणि आसपासच्या दुकानांतून येतं. पाच पात्यांचं पाकीट अजूनही वीस ते चाळीस रुपयांच्या घरात मिळतं, आणि माझ्या राठ दाढीला एक पातं तीन-चार वेळा सहज चालतं. चांगल्या कार्ट्रिजच्या, म्हणजे दांड्याला अडकवायच्या तयार पात्याच्या, एका नगाला जे पैसे पडतात, तेवढ्यात माझे काही महिने निघतात.

ही स्वस्ताई निकृष्ट मालामुळे आलेली नाही. जिलेटचा सेफ्टी रेझर अमेरिकेत 1903 मध्ये विक्रीला आला आणि 1904 मध्ये त्याला पेटंट मिळालं. ते पेटंट संपून जमाना झाला. दुधारी पात्याच्या आकारावर आता कुणा एकाची मालकी नाही. आजोबांच्या पेटीत निघालेल्या रेझरला आज घेतलेलं पातं बसतं, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. कार्ट्रिजमध्ये दांडा ज्याचा, पातंही त्याचंच घ्यावं लागतं.

मग दुकानात हा माल दिसत का नाही? 2010 मध्ये जिलेट गार्ड आला, रेझर 15 रुपयांना आणि त्याचं पातं 5 रुपयांना. त्याने आणि वापरून फेकायच्या रेझरांनी दर्शनी जागा घेतली. दुधारी पाती खणात नाहीतर माळ्यावर गेली. विचारलं की निघतात, हा माझा अनुभव. तुमच्या गावात कसल्या दुकानात काय मिळालं ते लिहा. दुकानाचं नाव नको, खूण पुरे.

मालवणहून

बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टेशनरी-कटलरीच्या दुकानात गेलो. बाहेर टिकल्या, रबरबँड, पोरांच्या वह्या. म्हाताऱ्या मालकांना विचारलं, "काकानू, सेव्हन ओ'क्लॉक आसत काय?" ते म्हणाले, "आसत मां! पण आता कोण इचारूक येणत नाय," आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरून पुठ्ठ्याचा खोका काढला. त्यात सेव्हन ओ'क्लॉक कंपनीची पाती होती, टोपाझची होती, विल्किन्सनचीही होती. पाकिटांवर जुनी किंमत छापलेली आणि त्यांनी तीच लावली.

पण किनाऱ्यावर जुना माल घेताना एक गोष्ट जरूर बघा. इथली हवा खारी. पाती स्टेनलेसची असली तरी वर्षानुवर्षं दमट माळ्यावर पडली तर कडेला तांबूस ठिपके धरतात. मी एक पाकीट घेऊन काउंटरवरच उघडतो. पात्यावरचा मेणकागद अलगद सुटला, पातं उजेडाकडे तिरकं धरल्यावर धार एकसारखी चमकली, की मग बाकीची घेतो. कागद चिकटून फाटत असेल तर तो खोका सोडून द्यावा. काकांनी स्वतःच दोन पाकिटं बाजूला काढून ठेवली, "ही नको, ह्येंका ओल लागली."

चिपळूणहून

आमच्याकडे माळ्यावरचा जुना माल हा विषयच उरला नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि कितीतरी दुकानांतली वर्षानुवर्षांची शिल्लक चिखलात गेली. पुन्हा उभं राहताना दुकानदारांनी जो माल रोज खपतो तोच भरला, आणि त्यांना दोष कोण देणार?

पण वाट सापडली. तुमच्या न्हाव्याला विचारा, तो सामान कुठून आणतो. बहुतेक सलूनवाले दुधारी पातं मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं लावतात. त्यामुळे सलूनला पाती सतत लागतात, आणि सलूनचं सामान विकणारं एखादं दुकान तालुक्याच्या ठिकाणी असतंच. ते बहुधा मोठ्या रस्त्यावर नसतं. एखाद्या गाळ्यात किंवा पहिल्या मजल्यावर असतं आणि पाटीही धड नसते. मी आमच्या न्हाव्याकडूनच पत्ता घेतला. तिथे पाती आख्ख्या खोक्याने मिळतात, किरकोळीपेक्षा बरीच स्वस्त. व्ही-जॉनच्या क्रीमच्या मोठ्या ट्यूब, तुरटीच्या घासून गुळगुळीत केलेल्या वड्या, फवाऱ्याच्या बाटल्या, साधे ब्रश, सगळं एका जागी. किरकोळ गिऱ्हाईक म्हणून मला कुणी परत पाठवलं नाही.

आणि तिथे माल शिळा नसतो, कारण तो सारखा उचलला जातो. मला वाटतं जुन्या दुकानात शोधाशोध करण्यापेक्षा नव्या माणसाने आधी हे दुकान गाठावं.

अलिबागहून

तुरटीसाठी आफ्टरशेव्हच्या फळीकडे जाऊच नका. काष्ठौषधीच्या किंवा किराणा-भुसाराच्या दुकानात खडा तुरटी वजनावर मिळते. दहा-वीस रुपयांत एवढा खडा येतो की वर्ष सरतं. दाढी झाल्यावर चेहरा गार पाण्याने धुवायचा, ओला खडा फिरवायचा, मिनिटभराने पुन्हा धुवायचं. बारीक कापलेलं लगेच थांबतं. जिथे झोंबतं तिथे हात जड पडला होता हे कळतं, पुढच्या वेळी तिथे हलकं फिरवायचं.

कुडाळहून, काउंटरच्या आतल्या बाजूने

आमचं जनरल स्टोअर आहे आणि काउंटरवर मी बसते, म्हणून थोडं आतलं सांगते. दुधारी पाती आम्ही बंद केली नव्हती, मागणी थांबली होती. एजन्सीचा माणूस आठवड्याला येतो, मोबाइलवर ऑर्डर घेतो. जे खपतं तेच तो पुढे करतो. जे महिनोन्‌महिने पडून राहतं त्यात आमचे पैसे अडकतात, आणि छोट्या दुकानाला ते परवडत नाही.

एक शिक्षक नियमाने यायचे आणि एकाच कंपनीची पाती मागायचे. मी त्यांना म्हटलं, सर, दर महिन्याला दोन पाकिटं घ्याल तर मी खोका मागवते. त्यांनी घेतली. मग त्यांनी दोन सहकाऱ्यांना पाठवलं. आता माझ्याकडे दोन प्रकारची पाती, गोदरेज आणि पामोलिव्हचं क्रीम आणि साधा ब्रश कायम असतो. दुकानात विचारून "नाही" म्हटलं की बहुतेक लोक निघून जातात. तुम्ही सांगून ठेवा, मागवून द्या म्हणा, आणि आल्यावर न्या. एवढं केलंत तर कुठलाही दुकानदार मागवतो.

आणखी एक. श्रावणात बरेच जण दाढी करत नाहीत, तेव्हा हा माल जवळपास हलत नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मात्र एकदम उठतो, त्यात चाकरमानी आलेले असतात. नवा माल हवा असेल तर तेव्हा या. हव्या त्या गोष्टीची चौकशी करायला श्रावण बरा, दुकानात बोलायला वेळ असतो.

देवगडकडून

सामानावर एवढं लिहिलंत, पाण्याचं कुणीच लिहिलं नाही, आणि किनाऱ्यावर सगळं पाण्यावर अवलंबून आहे. आमची विहीर खाडीजवळची. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं आणि तेव्हा फेस धरतच नाही. वाटीत नुसता पातळ साका होतो. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट मळी तयार करतात, फेसाला साबण उरत नाही. मग माणूस साबणाला नावं ठेवतो आणि महाग क्रीम आणतो.

पावसाळ्यात पागोळीखाली भांडं ठेवा आणि त्या पाण्याने करून बघा. सुरुवातीच्या सरींचं सोडून द्यायचं, छप्पर धुऊन निघू द्यायचं, नंतरचं गाळून घ्यायचं. साधं गोदरेजचं क्रीम, नखाएवढं, ओल्या ब्रशवर. मी हातातला ब्रश निथळवून घेतो आणि वाटीत गोल फिरवतो. आधी मोठे बुडबुडे येतात. मग थेंब-थेंब पाणी घालत गेलं की ते मोडतात आणि फेस दह्यासारखा घट्ट होतो. ब्रश उचलला की टोक उभं राहतं. तेव्हा थांबायचं. उन्हाळ्यात मी जांभ्यातल्या वरच्या विहिरीचं पाणी एका कॅनमध्ये आणून ठेवतो. दाढीला पाणी लागतं ते किती? तांब्याभर.

हर्णैहून

आम्ही दर्यावर जाणारी माणसं. सकाळी दाढी करून होडीवर गेलं तर खारं पाणी आणि ऊन दोन्ही चेहऱ्याला भाजून काढतात. त्यामुळे दाढी संध्याकाळी, परत आल्यावर. आधी खोबरेल लावून ठेवतो, आंघोळ करतो, मग साबण. खुंट नरम पडलेले असतात. दाढीनंतर हवं तर बोटाच्या टोकाएवढं कोकमाचं तेल तळव्यावर चोळून लावतो. ते बाजारात गोळ्यासारखं घट्ट मिळतं, हाताच्या उबेने वितळतं. पायाच्या भेगांना आणतातच घरात.

रेझरबद्दल सांगायचं तर इथल्या हवेत स्वस्तातला मुलामा टिकत नाही. मुलामा उडाला की आतला जस्ताचा मिश्रधातू खाल्ला जातो. दर वेळी पूर्ण खोलून गोड्या पाण्याने धुवायचा, झटकायचा आणि फडक्यावर सुटा ठेवायचा. पातं फडक्याने पुसायचं नाही, धार जाते. आणि वापरलेली पाती माडाच्या बुंध्याशी टाकू नका, अनवाणी पोरं फिरतात, गुरं फिरतात. पावडरच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून त्यात टाकतो. डबा भरायला वर्षं लागतात.

सावंतवाडीहून

ब्रशचा अनुभव देतो, कारण सगळ्यात फसवणारी वस्तू तीच. स्थानिक दुकानात मिळणाऱ्या स्वस्त ब्रशचे केस ठीक असतात, मूठ भिकार असते. प्लास्टिक चिरतं, गुच्छ निसटतो. माझा गुच्छ निखळला तो मी टाकला नाही. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं करणारे कारागीर आहेत, त्यांच्यापैकी एकाकडे घेऊन गेलो. म्हटलं, याला मूठ कातून द्या.

त्यांनी गुच्छाचा घेर कंपासने घेतला, फणसाचा एक सुका तुकडा निवडला आणि माझ्यासमोर चरकावर लावला. पिवळी धमक साल उडत होती. वरच्या तोंडाला गुच्छ बसेल एवढी खोबण पाडली, मध्ये बोटांना धरायला गळा ठेवला. मला खेळण्यांसारखी लाल लाख हवी होती. ते म्हणाले, "नको. गरम पाण्यात लाख मऊ पडते, पांढरी होते. त्यापेक्षा तेल पाजा." जवसाच्या तेलाचे हात दिले, गुच्छ इपॉक्सीने बसवला. नवीन चांगल्या ब्रशच्या निम्म्या पैशांत काम झालं आणि तो ब्रश अजून रोज चालतो. पावसाळ्यात मात्र त्याला बाथरूममध्ये ठेवत नाही, बुरशी धरते. झटकून खिडकीपाशी, वारा लागेल असा.

राजापूरचा, सध्या मुंबईत

गावी गेलो की वर्षाचं सामान उचलून आणतो. मुंबईच्या मॉलमध्ये दुधारी पातं मागितलं तर विकणाऱ्या मुलीने मला पेन्सिलच्या टोकयंत्राकडे पाठवलं. राजापूरच्या बाजारात किराणा दुकानदाराने न विचारता दोन कंपन्या समोर ठेवल्या आणि वर म्हणाला, "दाढी राठ असली तर ही, नाजूक असली तर ती." एवढा सल्ला कुठल्या मॉलमध्ये मिळतो?

गुहागरहून

मी एकोणीस वर्षांचा आहे आणि अजून फेकायचा रेझर वापरतो. मानेवर पुरळ उठतं. सगळं वाचून करून बघावंसं वाटतंय. सुरुवातीला काय-काय घ्यावं? पाचशेच्या आत बसेल का?

धागाकर्ता, रत्नागिरी

बसेल. आधी घरात शोध, आजोबांचा किंवा काकांचा रेझर कपाटात असण्याची शक्यता मोठी आहे. मिळाला तर गरम पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घास. नसेल तर चिपळूणच्या सलून-सामानाच्या दुकानात तीन भागांत सुटणारा साधा रेझर बघ. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पाकिटं घे, कारण एकाला लागू पडणारं पातं दुसऱ्याला ओरबाडतं. त्यावर गोदरेज किंवा पामोलिव्हची छोटी ट्यूब, साधा ब्रश, खडा तुरटी. वाटी आईकडून.

पुरळाचं म्हणशील तर पहिला महिना फक्त केसाच्या दिशेने फिरव, मानेवर केस कुठल्या दिशेने वाढतात ते आधी बोटाने चाचपून बघ. रेझरच्या वजनानेच पातं चालू दे, वरून दाब नको. पुरळात पू होत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखव.

एक गोष्ट माझ्या बाजूने राहिली आहे. पूर्वी मिळायचा तो दाढीचा गोल साबण, वाटीत बसणारा, मला रत्नागिरीत हल्ली कुठेच दिसलेला नाही. वेंगुर्ला, श्रीवर्धन, महाडकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही. तिकडे कुणाच्या दुकानात दिसला तर कळवा, आणि कुडाळच्या ताई, तुमच्या एजन्सीवाल्याला एकदा विचाराल का?