अलंकार आणि वाक्यप्रकार: ललित लेखनासाठी अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी मी पुण्यातल्या मुठा नदीच्या पुरावर लेख लिहिला आहे. संपादन करणाऱ्या ताईंनी मसुदा परत पाठवताना दोन उणिवा दाखवल्या: जवळजवळ प्रत्येक वाक्य 'होते' किंवा 'होती'ने संपते, आणि एकाच परिच्छेदात पाच उपमा आल्या आहेत. दोन्ही आक्षेप मला मनापासून पटले. शाळेत अलंकार पाठ केले ते गुणांपुरते. ते लिहिताना कसे वापरावेत यासाठी काय वाचावे आणि सराव कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) जरूर पाहावे. ग्रंथ मोठा आहे, तेव्हा आधी वाक्यासंबंधीचा भागच घ्यावा. अलंकारांच्या व्याख्यांपुरते दहावीचे व्याकरणाचे पुस्तक पुरेल. अप्पा बळवंत चौकात ते सहज मिळते.

उत्तर २:
माझा आग्रह असा, की आधी वाक्य हाताशी यावे आणि मग अलंकार. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे वर्णन लांबले की 'होते'ची रांग लागते, आणि ती मोडण्यासाठी एकच मजकूर तीन प्रकारे लिहून पाहणे हा मला सापडलेला सर्वांत खात्रीचा सराव आहे. तुमच्याच विषयातले, खडकवासला धरण आणि मुठेवरचा भिडे पूल यांचे उदाहरण घ्या. 'खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल पाण्याखाली गेला' हे केवलवाक्य, म्हणजे एकच विधान असलेले वाक्य झाले. 'जेव्हा खडकवासल्यातून पाणी सोडले, तेव्हा भिडे पूल पाण्याखाली गेला' हे मिश्रवाक्य, म्हणजे एक मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेले गौण वाक्य. येथे वाचक 'तेव्हा'ची वाट पाहतो. 'खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला' हे संयुक्तवाक्य, म्हणजे 'आणि'सारख्या शब्दाने जोडलेली दोन स्वतंत्र वाक्ये. दोन्ही घटना समान वजनाच्या होतात आणि गती वाढते. पुराच्या लेखात मी तिसरे निवडेन.

उपमेचेही असेच तपासावे. 'पाणी चहासारखे तांबूस दिसत होते' यात पाणी उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते), चहा उपमान (ज्याच्याशी तुलना केली ते), तांबूसपणा साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि 'सारखे' हा साधर्म्यवाचक शब्द. साधारण धर्म डोळ्यांना दिसतो, म्हणून ही उपमा ठेवावी. जिथे तो सांगता येत नाही, ती निःशंकपणे काढावी. 'नदीने पूल पोटात घेतला' ही चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे सांगणारा अलंकार) मात्र एकटीच परिच्छेद पेलते. तिच्या शेजारी दुसरा अलंकार नको.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. पाचांपैकी तीन उपमांचा साधारण धर्म मला सांगता आला नाही, त्या काढल्या. लेखाचा शेवट 'या नदीला आपण काय दिले?' असा प्रश्नार्थी ठेवावा का?

उत्तर २:
उत्तर वाचकाला आधीच ठाऊक असेल, तर प्रश्नाचे विधान करावे. 'या नदीला आपण सांडपाणी दिले' हे साधे विधानार्थी वाक्य येथे मनाला अधिक लागते.