अनुभव धागा : तोंडाच्या आधी अंग बोललं, आणि भलतंच बोललं!

नवऱ्याच्या बदलीमुळे बल्गेरियातल्या सोफिया शहरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. इथे झेन्स्की पझार म्हणून जुना बाजार आहे, शब्दशः बायकांचा बाजार. तिथे भोपळी मिरच्या घेतल्या आणि कार्ड चालेल का, असं कार्ड दाखवूनच विचारलं. बाईंनी हनुवटी वर उडवली, जिभेने च्यक केलं. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी आणखी जोरात मान वर केली. मी कार्ड आणखी पुढे. शेवटी त्यांनी माझ्या पिशवीतल्या मिरच्या पुन्हा ढिगात ओतल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

बल्गेरियात मान खालीवर म्हणजे नाही आणि आडवी म्हणजे हो. त्या च्यककडे लक्ष दिलं असतं तरी भागलं असतं, तो नकार तर आपल्या घरातलाच. पण मी मानेकडे बघत बसले. बरं, नियम पाठ करावा तर काही जण समोर परदेशी माणूस बघून मुद्दाम उलटी मान हलवतात. आता मी फक्त 'दा' (हो) की 'ने' (नाही) एवढंच ऐकते. आणि माझी ती धड हो नाही, धड नाही अशी डोलणारी मान इथे सरळ होकार ठरते. नको असलेला एक किलो मध त्यामुळेच घरात आहे.

तर, किती जवळ उभं राहायचं, कुठे बघायचं, कुणाला हात लावायचा, यावरून तुमची फजिती झालीय का? येऊ द्या. परदेशातलीच हवी असं नाही.

चौथी_सीट : एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसातली अंतरं मोजून मांडली. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जवळची माणसं. तो अमेरिकेतल्या लोकांबद्दल लिहीत होता म्हणून बरं. त्या हिशेबाने सकाळच्या विरार फास्टमधल्या लेडीज डब्यात माझ्या जवळची तीसेक माणसं निघतील. तरी तिथेही शिस्त आहे बरं का. अंगाला अंग लागलेलं चालतं, पण नजरेला नजर लागत नाही. प्रत्येकजण मोबाईलमध्ये नाहीतर खिडकीबाहेर. मी अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टेकून बोरिवलीपर्यंत झोपलेय. पण तिच्याकडे सलग दोन मिनिटं बघितलं असतं, तर "काय गं?" ऐकावं लागलं असतं.

पायलागू : श्टुटगार्टची उपनगरी गाडी. समोर बसलेल्या वयस्कर गृहस्थांना माझा पाय लागला. आपला हात कुणाच्या परवानगीसाठी थांबतो का? गेला खाली, त्यांच्या बुटाला स्पर्श करून छातीला लागायला. त्यांना वाटलं माझं काहीतरी पडलं, म्हणून तेही वाकले. टाळक्याला टाळकं! मग दोघंही "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग". त्यांनी सीटखाली मोबाईलचा टॉर्चसुद्धा मारला. काही हरवलेलं नाही, हे कसंबसं समजावलं. नमस्कार का केला ते समजावण्याइतकं जर्मन मला तेव्हा येत नव्हतं, आणि आता येत असूनही काय सांगायचं ते कळत नाही.

न्यूजर्सीची_आजी : पायलागू, हसून डोळ्यांत पाणी आलं रे बाबा! माझं जरा वेगळं आहे. लेकीकडे आले होते. पार्कमध्ये एक गुटगुटीत पोर दिसलं, मी आपला कौतुकाने गालगुच्चा घेतला. त्याच्या आईने काही न बोलता त्याला जवळ ओढलं. घरी लेक म्हणाली, "आई, इथे आधी विचारतात." मला रागच आला. लहान मुलाला कौतुक करू का म्हणून विचारायचं? मग कळलं, नातीला शाळेतही तेच शिकवलेलं. ती माझ्यासमोर उभी राहून विचारते, "आजी, मिठी मारू?" सुरुवातीला परक्यासारखं वाटायचं. खरं सांगू, पूर्ण पटलेलं नाही अजून. पण परवा घरी आलेल्या एका पाहुण्यांनी तिला ओढून मांडीवर घेतलं, ती "नको" म्हणाली, आणि त्यांना सोडावं लागलं. आमच्या लहानपणी हा शब्द आम्हाला कुणी दिला नव्हता.

मस्कतकर : आमच्यात उलटं. साईटवरचे ओमानी साहेब बोलता बोलता माझा हात हातात घेऊन चालायला लागले. सोबतचा मुंबईचा इंजिनिअर लाजून लाल. मला काहीच वाटलं नाही, आमच्या गडहिंग्लजला गडी गड्याच्या गळ्यात हात टाकूनच बाजार फिरतो. माझं चुकलं ते दुसरीकडे. पायावर पाय टाकून बसलो आणि बुटाचा तळवा साहेबांच्या पाहुण्याकडे! शेजाऱ्याने कोपर मारलं म्हणून वाचलो.

लातूरचा_पोरगा : मास्तरसमोर मान खाली घालायची, हे अंगातच भिनलेलं. शिकागोत पहिल्याच रिव्ह्यूत मॅनेजर म्हणाला, "नजर चुकवतोस, काही लपवतोयस का?" आरशासमोर उभा राहून सराव केला राव. मग दिवाळीला गावी गेलो, थोरल्या चुलत्याशी डोळ्यात डोळे घालून बोललो. "लई शाना झालास का रं?"

धागाकर्ती : @लातूरचा_पोरगा, म्हणजे विमानात बसल्याबरोबर डोळेही बदलायचे!

अर्धी_भाकर : इथिओपियात, अदिस अबाबाला पाण्याच्या प्रकल्पावर होतो. पहिल्या बैठकीत मी बोलतोय आणि समोरचे इंजिनिअर दर वाक्याला दचकल्यासारखा श्वास आत ओढतायत. मला वाटलं आकडे चुकले. दोनदा थांबून तपासले. बैठक संपल्यावर ड्रायव्हरने सांगितलं, इथे तो हुंकार म्हणजे "हो, पुढे बोला". आपण "हं" बाहेर सोडतो, ते आत घेतात, एवढंच.

पुढे त्याच इंजिनिअरांनी घरी जेवायला बोलावलं. सगळ्यांचं मिळून एकच मोठं ताट, त्यात इंजेरा, म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण. त्यांनी तुकडा तोडला, कालवणात गुंडाळला आणि सरळ माझ्या तोंडापाशी आणला. याला गुर्शा म्हणतात, पाहुण्याला घास भरवायचा. साठीचे गृहस्थ, मिशा पांढऱ्या, हात तसाच धरलेला, सगळं घर माझ्याकडे बघतंय. याआधी मला असा घास भरवला होता तो लग्नाच्या पंगतीत बायकोने. एक क्षण खरोखर उखाणा आठवायला लागलो होतो.